गॅस संपत नाही

गेल्या उन्हाळ्यात माझ्या गाडीचा एसी ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत नुसते उसासे टाकत असे आणि चौक ओलांडला की शहाण्यासारखा वागू लागे. त्रिमूर्तीनगरातल्या घरापासून कामठीतल्या माझ्या कार्यालयापर्यंतचा रस्ता मला पाठ आहे. लक्ष्मीनगर, व्हरायटी चौक, झिरो माईल, एलआयसी चौक, इंदोरा असे थांबे घेत, सिग्नलचे आकडे मोजत गाडी पुढे सरकते आणि ऑटोमोटिव्ह चौकानंतर रस्ता जरा मोकळा होतो. दुपारी परतताना हाच अनुभव उलट्या क्रमाने येई. कामठी सोडल्यावर गाडी गार पडे आणि इंदोरा आला की समोरच्या जाळीतून येणारी हवा कोमट होऊ लागे. महिनाभर मी हे रोज अंगावर घेत होते, पण हेच गाडीचे दुखणे गाडी मला सांगते आहे, असे काही माझ्या लक्षात आले नाही. गॅरेजमध्ये गेल्यावर मी एवढेच सांगत राहिले, की एसी थंड करत नाही.

या वाक्याला नागपुरात एकच उत्तर आहे. शेजारच्या काकूंपासून कार्यालयातल्या शिपायापर्यंत आणि पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या मुलापासून माझ्या सख्ख्या भावापर्यंत प्रत्येकाने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "गॅस संपला असंल." मलाही ते पटले. न पटण्यासारखे त्यात काय होते? पेट्रोल संपते, वायपरचे पाणी संपते, तसा गॅसही संपत असणार.

हा समज इतका पक्का का असावा, यावर मी नंतर बराच विचार केला, आणि मला वाटते, त्याचे मूळ आमच्या कूलरमध्ये आहे. नागपूरच्या माणसाचे थंडाव्याविषयीचे सगळे शिक्षण कूलरपाशी झालेले असते. मार्च सरता सरता गच्चीवरून किंवा जिन्याखालून लोखंडी पेटी बाहेर काढायची, गंजलेल्या तळाला डांबर किंवा रंग लावायचा, जुन्या ताट्या फेकून वाळ्याच्या किंवा लाकडाच्या भुशाच्या नव्या ताट्या बसवायच्या, पंपाचा आवाज ऐकून त्याची तब्येत ठरवायची आणि मग पावसाळा लागेपर्यंत रोज संध्याकाळी न चुकता टाकीत पाणी सोडायचे. कूलर पाणी पितो, म्हणजे खरोखरच पितो. मे महिन्याच्या दुपारी आमच्याकडची हवा इतकी कोरडी असते, की ओल्या ताटीतून जाताना ती भराभर पाणी उचलते, पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि खोलीत गारवा येतो. ती वाफ खिडकीतून निघून जाते, ती परत येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा नळी लावावी लागते. थंड हवा हवी असेल, तर रोज काहीतरी ओतले पाहिजे, हा हिशेब आमच्या हाडात मुरलेला आहे.

गंमत अशी, की गाडीचा एसीही मुळात हेच करतो. त्याच्यातही एक द्रव पदार्थ उष्णता शोषून वाफ होतो. फरक एवढाच, की एसी आपली वाफ बाहेर सोडून देत नाही. डॅशबोर्डच्या आत दडलेल्या कूलिंग कॉइलमध्ये आर-134ए नावाचे द्रव्य, म्हणजे सगळे म्हणतात तो गॅस, उकळते. मोकळ्या हवेच्या दाबाला ते उणे 26 अंशांवरच उकळत असल्यामुळे त्याला उकळायला गाडीतली हवा पुरेशी गरम असते. तिथे ते गाडीतली उष्णता घेते, कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबून तापवतो, आणि बंपरच्या मागे, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरच्या जाळीत ते आपली उष्णता बाहेरच्या वाऱ्याला देऊन पुन्हा द्रवरूप होते. मग एका चिंचोळ्या व्हॉल्व्हमधून पुन्हा कॉइलकडे. हा सगळा प्रवास बंद नळ्यांमधला आहे. एखाद्या सांध्यातून वर्षानुवर्षे चिमूटभर झिरपते, हे खरे. पण हा गॅस वापरला जात नाही, जळत नाही, खर्च होत नाही. तो कमी झाला असेल, तर कुठूनतरी गळला आहे, आणि ती जागा न शोधता वरून भरणे म्हणजे भोक पडलेल्या माठात पाणी ओतण्यासारखे आहे. माझ्या बाबतीत तर माठाला भोकही नव्हते, पण तिथपर्यंत यायला मला महिना लागला.

पहिल्या गॅरेजमधल्या मुलाने माझे बोलणे पुरते ऐकूनही घेतले नाही. त्याने बॉनेट उघडले, एका झाकणीखालच्या पिनेवर स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबले, फुस्स असा आवाज झाला आणि "प्रेशर कमी आहे" असा निर्वाळा त्याने दिला. मग नळी जोडून त्याने गॅस सोडला आणि मला आत बसवून विचारत राहिला, "ताई, आता येते का थंडी? आता?" मी तीनदा नाही म्हटले, चौथ्यांदा हो म्हटले, आणि त्याने नळी काढली. किती गॅस गेला, हे त्याने मोजले नाही आणि मीही विचारले नाही. बॉनेटच्या आतल्या बाजूला एक लहानशी चिकटपट्टी होती, तिच्यावर या गाडीत नेमका किती ग्रॅम गॅस असावा हे छापलेले होते, आणि आम्ही दोघेही तिच्याकडे पाठ करून उभे होतो.

दाबावरून गॅस किती आहे हे का सांगता येत नाही, हे मला पुढे स्वयंपाकघरातल्या सिलिंडरवरून नीट कळले. सिलिंडर भरलेला असो वा निम्मा, शेगडीची ज्योत सारखीच असते. आत थोडाही द्रव शिल्लक आहे तोवर वरच्या वाफेचा दाब हवेच्या तापमानावर ठरतो. म्हणून तर आपण सिलिंडर उचलून किंवा हलवून बघतो, आणि डिलिव्हरीच्या वेळी तो काट्यावर ठेवायला सांगतो. एसीच्या गॅसचेही तसेच आहे. इंजिन बंद असताना गेजवर दिसणारा आकडा बहुतेक करून बाहेर किती ऊन आहे एवढेच सांगतो. गॅस वजनाने भरायचा असतो, थंडी येईपर्यंत नव्हे. ज्या माणसाने आयुष्यात एकदा तरी सिलिंडरचे वजन केले आहे, त्याला हे अवघड जाऊ नये, पण माझ्या डोक्यात स्वयंपाकघर आणि गॅरेज हे दोन वेगळे प्रांत होते.

चार दिवस बरे गेले, किंवा पैसे मोजल्यामुळे ते बरे वाटले. मग गाडी पूर्वीपेक्षाही बिघडली. आता व्हरायटी चौकातल्या लांबलचक सिग्नलला एसी नुसता कोमट होत नसे, मध्येच पूर्ण बंद पडून पंख्याची गरम फुंकर तेवढी येई आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा सुरू होई. दुसऱ्या गॅरेजने हे ऐकले आणि कॉम्प्रेसर गेला असल्याचे सांगितले. खर्चाचा आकडा पाच अंकी होता, आणि तो मला सांगण्याऐवजी त्यांनी माझ्यासोबत सहज आलेल्या भावाला सांगितला, ज्याला गाडी चालवताही येत नाही. हा अपमान म्हणावा की माझे भाग्य, हे मी अजून ठरवलेले नाही. पण त्या रागामुळेच मी तिथून निघाले आणि स्वतः शोध घ्यायचा, असे ठरवले.

सीताबर्डीवरून एक साधे डिजिटल थर्मामीटर आणले, त्याची तार डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत अडकवली आणि आठ दिवस एका वहीत आकडे लिहिले. आधी घरच्या घरी करता येण्यासारख्या गोष्टी तपासल्या. आतली हवा फिरवण्याचे बटण दाबलेले होते, म्हणजे बाहेरची 44 अंशांची हवा आत ओढली जात नव्हती. तापमानाची कळ पूर्ण थंडीकडे होती. ग्लोव्ह बॉक्स सोडवून त्यामागचा फिल्टर काढला, तो काळाकुट्ट झालेला होता, आणि त्या क्षणी मला वाटले की सापडला चोर. नवा फिल्टर बसवल्यावर हवेचा झोत दुपटीने वाढला, पण हवा तेवढीच कोमट राहिली. यातून एक धडा मात्र मिळाला, की हवा कमी येणे आणि हवा गरम येणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली असेल तर फिल्टर, पंखा किंवा कॉइलवर जमलेला बर्फ बघावा. दुसरी असेल तर दोष गॅसच्या प्रवासात कुठेतरी आहे, किंवा हीटरची झडप नीट मिटत नसल्यामुळे थंड हवेत गरम हवा मिसळते आहे.

वहीतले आकडे बोलके होते. सकाळी ऑटोमोटिव्ह चौक ओलांडल्यावर 12 अंश. दुपारी कामठीच्या मोकळ्या रस्त्यावर 14. इंदोऱ्याच्या सिग्नलला 21, झिरो माईलला 25, व्हरायटी चौकात कॉम्प्रेसर थांबल्यावर 31. गॅस खरोखर कमी असता तर गाडी मोकळ्या रस्त्यावरही इतकी गार पडली नसती, आणि कॉम्प्रेसर गेला असता तर सकाळचे 12 अंश आले कुठून? माझ्या गाडीला थंड होण्यासाठी वारा लागत होता. धावत असताना तो समोरून आपोआप मिळत होता, उभी राहिली की मिळत नव्हता. मी मेकॅनिक नाही, पण वही बंद करताना कंडेन्सरच्या पंख्यावर माझा संशय गेला. संशय जवळपास बरोबर होता, पूर्ण नव्हे.

मधल्या काळात नवतपा लागला. आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी रामदासपेठेत न्यायचे होते आणि वेळ नेमकी दुपारी एकची मिळाली होती. तिने निघताना नेहमीप्रमाणे रुमालात कांदा बांधून घेतला, डोक्याला ओला पंचा गुंडाळला आणि मागच्या सीटवर बसताच माझ्या थर्मामीटरकडे पाहून विचारले, "हे गाडीला लावलं का गं? ताप आला का तिला?" लक्ष्मीनगरच्या चौकात एसीने मान टाकली. आईने काही न बोलता काच खाली केली, आणि भट्टीचे दार उघडावे तशी हवा आत आली. सोनेगावच्या वेधशाळेने मे 2013 मध्ये 47.9 अंशांची नोंद केलेली आहे. त्या दिवशी एवढे ऊन नक्कीच नव्हते, पण काच पुन्हा वर करताना आईचा हात थरथरत होता, आणि मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली.

सदर या वस्तीच्या मागच्या एका गल्लीत फक्त गाड्यांच्या एसीचे काम करणारे एक वयस्क गृहस्थ आहेत, असे कार्यालयातल्या एकाने सांगितले होते. दुकान म्हणजे पत्र्याचे छप्पर, दोन यंत्रे, एक वजनकाटा आणि एक खडखडणारा कूलर. मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली, पाने मागेपुढे करून वाचली, आणि मग विचारले, "चौकात बंद पडते अन् हायवेले चालते, असंच ना जी?" महिनाभरात पहिल्यांदा कोणीतरी मला प्रश्न विचारला होता.

नळ्या जोडण्याआधी त्यांनी गेजचे दोन्ही काटे शून्यावर आहेत का ते पाहिले, एक काटा केसभर सरकलेला होता तो नीट केला. मला त्यावेळी 30 मे 2024 ची आठवण झाली. त्या दिवशी शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश दाखवले, देशभर बातम्या झाल्या, आणि मग हवामान खात्याने तिथला सेन्सर सदोष असल्याचे स्पष्ट केले. दरम्यान आमच्या मोहल्ल्यातल्या निम्म्या लोकांनी आपल्याला 56 अंश प्रत्यक्ष जाणवल्याचे शपथेवर सांगितले होते. ज्याने मोजायचे त्यालाच आधी मोजून घ्यावे, ही साधी रीत पहिल्या दोन गॅरेजमध्ये मला दिसली नव्हती.

इंजिन सुरू केल्यावर कमी दाबाच्या बाजूचा निळा काटा 60 पीएसआयच्या वर आणि जास्त दाबाच्या बाजूचा लाल काटा 370 च्या आसपास जाऊन थांबला. "गॅस कमी असता तर दोन्ही काटे खाली राह्यले असते," ते म्हणाले, "इथं तं दोन्ही वर हाय. गॅस कमी नाई जी ताई, जास्ती होऊन राह्यला." मग त्यांनी पोराला हाक मारली, कूलरच्या टाकीतून एक बादली पाणी काढायला लावले आणि ते गाडीच्या नाकावर, जाळीतून आत, हळूहळू ओतले. लाल काटा माझ्या डोळ्यांदेखत खाली घसरू लागला, 370 वरून 300, मग 240, आणि आतल्या जाळीतून गार हवा येऊ लागली. पाणी वाळले तसा काटा पुन्हा चढला. एका बादलीत निदान झाले होते. गॅस आपली उष्णता बाहेर टाकू शकत नव्हता. बाहेर 44 अंश असताना कंडेन्सरमधल्या गॅसला त्याहून बराच गरम व्हावे लागते, तेव्हाच तो हवेला उष्णता देऊ शकतो. वारा पुरेसा नसेल तर तो आणखी तापतो, दाब आणखी वाढतो आणि नळी फुटू नये म्हणून दाबावर लक्ष ठेवणारा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. व्हरायटी चौकातला कॉम्प्रेसर बिघडलेला नव्हता. तो स्वतःचा जीव वाचवत होता.

पंखा मात्र व्यवस्थित फिरत होता, त्यामुळे माझा चेहरा पडला. त्यांनी बंपर सोडवला आणि कंडेन्सर थोडा पुढे घेऊन मला मागे वाकून बघायला सांगितले. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत, धुळीने मळलेला, घोंगडीसारखा घट्ट बसलेला एक थर होता. त्यांनी त्याचा तुकडा ओढून काढला, चोळला, आणि आतून पांढरा कापूस निघाला.

सावर! आमच्या घरासमोर काटेसावरीचे मोठे झाड आहे. फेब्रुवारीत ते लाल फुलांनी भरते तेव्हा मी त्याचे फोटो काढते, आणि उन्हाळ्यात त्याची बोंडे फुटून कापूस उडू लागला की अंगण झाडताना त्याला शिव्या घालते. गाडी मी रोज त्याच्याच सावलीत लावत होते, कारण नागपुरात मे महिन्यात गाडीला सावली मिळणे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. इंजिनाचा पंखा हवा आत ओढतो, हवेबरोबर कापूस ओढतो, आणि दोन जाळ्यांच्या मध्ये तो अडकून राहतो. समोरून टॉर्च मारून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते, कारण वॉशिंगवाला समोरून जोरात पाणी मारून सगळा ऐवज आणखी आत ढकलतो.

पहिल्या गॅरेजने भरलेल्या गॅसचे काय झाले होते, तेही त्यांनी दाखवले. यंत्र लावून सगळा गॅस परत काढून घेतला आणि काट्यावर मोजला, 590 ग्रॅम. बॉनेटखालच्या चिकटपट्टीवर 420 ग्रॅम लिहिलेले होते. ज्या जाळीला 420 ग्रॅमची उष्णता बाहेर टाकता येत नव्हती, तिच्या डोक्यावर आम्ही आणखी 170 ग्रॅम चढवले होते, आणि जास्तीचा द्रव कंडेन्सरमध्ये साचून त्याची उरलीसुरली जागाही अडवून बसला होता. म्हणजे गॅस भरणे नुसते निरुपयोगी नव्हते. औषधानेच रोग वाढवला होता, आणि डॉक्टरइतकीच चूक रोग्याचीही होती, कारण "एसी थंड करत नाही" यापलीकडे मी काही सांगितलेच नव्हते.

जाळी त्यांनी मागून पुढे, मऊ धारेने धुतली आणि वाकलेल्या पात्या बारीक कंगव्यासारख्या अवजाराने एकेक करून सरळ केल्या. मग पाऊण तास व्हॅक्यूम पंप चालू ठेवला. नळ्यांमध्ये शिरलेली हवा आणि ओल काढण्यासाठी हे करावे लागते; निर्वात नळीत पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होते आणि बाहेर ओढले जाते. ओल आत राहिली, तर ती त्या चिंचोळ्या व्हॉल्व्हपाशी गोठून गॅसची वाट अडवते, मग एसी थोडा वेळ चालतो, थांबतो, बर्फ वितळला की पुन्हा चालतो. पंप बंद करून त्यांनी चहा मागवला. मी म्हटले, "काका, आता भरायचा ना गॅस?" तर म्हणाले, "थांबा जी. काटा चढते का पाहू. चढला तं लीकेज हाय." चहा संपेपर्यंत काटा जागचा हलला नाही. मग काट्यावर सिलिंडर ठेवून 420 ग्रॅम, ना एक कमी ना एक जास्त. भर दुपारी, गाडी उभी असताना, माझ्या थर्मामीटरने 11 अंश दाखवले.

काढलेला जास्तीचा गॅस त्यांनी हवेत सोडला नाही, टाकीत ठेवला. या गॅसने ओझोनचे नुकसान होत नाही. 1987 च्या माँट्रियल करारानंतर आर-12 हा आधीचा, ओझोनला मारक गॅस मागे पडत गेला आणि गाड्यांमध्ये हा आला तो त्याचसाठी. पण हवा तापवण्याच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट जबर आहे, म्हणून त्याच कराराच्या 2016 च्या किगाली दुरुस्तीने अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवायचे ठरले, आणि भारतानेही 2021 मध्ये तिला मान्यता दिली. पहिल्या गॅरेजमधली ती फुस्स मला आता वेगळी ऐकू येते. गाडीतली गर्मी कमी करण्यासाठी आपण बाहेरच्या गर्मीत भर घालत होतो, तीही काही न मोजता.

गाडी आता फाटकाच्या दुसऱ्या बाजूला उन्हात उभी असते आणि तिच्यावर जुनी चादर असते. शेजारच्या काकूंना सावली सोडून उन्हात गाडी लावणे हा निव्वळ वेडेपणा वाटतो, आणि मी तो समजावून सांगण्याचा नाद सोडला आहे.

जुलैत पाऊस सुरू झाला, हवा ओली झाली आणि दरवर्षीप्रमाणे घरातल्या कूलरने फक्त चिकचिक करायला सुरुवात केली. एसी मात्र जोरात होता. एका संध्याकाळी आईला उतरवून मी इंजिन चालूच ठेवून बसले होते, तेवढ्यात समोरच्या इमारतीचा चौकीदार धावत आला आणि खाली बोट दाखवत म्हणाला, "ताई, गाडीतून गळून राह्यलं ना पाणी! गॅस संपून जाईल न तुमचा!" मी खाली उतरून पाहिले. डाव्या बाजूला, कूलिंग कॉइलवर धरलेल्या दवाचे पाणी नळीतून थेंब थेंब टपकत होते आणि फरशीवर त्याचे चांगले वाटीएवढे थारोळे झाले होते. मी त्यात बोट बुडवून त्याला दाखवले, साधे गार पाणी. तो काही पटल्यासारखा दिसला नाही. त्याने फाटकामागून एक रिकामा डबा आणला आणि नेमका त्या थेंबांखाली ठेवला.